सागाच्या सालीपासून नाळेच्या रक्तापर्यंत

नागपूरच्या लकडगंजातल्या आरामशिनीवर चिरला जाणारा प्रत्येक ओंडका मूलपेशींनी घडवलेला असतो. झाडाची साल आणि आतलं लाकूड यांच्या मधोमध पेशींचा एक पातळ, ओलसर थर असतो. त्याचं नाव कॅम्बियम. झाड जगतं तोवर या थरातल्या पेशी विभागत राहतात, आतल्या अंगाला लाकूड आणि बाहेरच्या अंगाला साल तयार करतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग कोरड्या दिवसांत पानं गाळून थांबतो आणि पाऊस पडला की पुन्हा जोम धरतो. म्हणून त्याच्या कापलेल्या तोंडावर वर्षावर्षाची कडी मोजता येतात. कॅलिफोर्नियात ब्रिसलकोन जातीचा एक पाइन वृक्ष ४,८०० वर्षांहून अधिक काळ उभा आहे आणि त्याच्या सालीखालचा हा थर आजही काम करतोय.

आपल्या हाडांतही हेच चालू असतं. मोठ्या माणसाच्या कंबरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांतल्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक लाल रक्तपेशी तयार होतात. हा परिच्छेद तुम्ही वाचून संपवाल तोवर काही कोटी नव्या पेशी रक्तात उतरलेल्या असतील. एक लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांतच नवं होतं. या साऱ्यामागे मूठभर मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. त्यांना दोन गोष्टी जमतात: स्वतःसारखी दुसरी पेशी बनवणं आणि गरज पडेल तसं वेगळ्या कामाच्या पेशीत बदलणं. टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलोक यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या प्लीहेवर उठलेल्या बारीक गाठी मोजता मोजता हे पहिल्यांदा दाखवलं.

स्टेम सेल म्हटलं की अमेरिकेतला भ्रूणाचा वाद आठवतो. तो वाद महत्त्वाचा आहे, पुढे येईलच. पण नागपूरच्या पूर्व भागात उभं राहून पाहिलं, तर नीतीचा सर्वांत मोठा प्रश्न वेगळाच दिसतो. सिद्ध झालेला उपचार कोणाच्या वाट्याला येतो, आणि सिद्ध न झालेला कोणाच्या गळ्यात मारला जातो, हा तो प्रश्न.

भावाचा मगज, बहिणीचं रक्त

भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये झालं. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मगज दिला तिच्या भावानं. प्रत्यारोपण करणारे डॉ. सुरेश अडवाणी सिएटलला ई. डॉनल थॉमस यांच्या केंद्रात शिकून आले होते. याच कामासाठी थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. अडवाणींना लहानपणी पोलिओ झालेला, फिरणं व्हीलचेअरवर. अपंगत्वामुळे आधी नाकारला गेलेला मेडिकलचा प्रवेश त्यांनी पाठपुरावा करून मिळवला होता.

प्रत्यारोपणानंतरची गंमत ऐकण्यासारखी आहे. दात्याचा मगज रुजला की रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होऊ शकतो. भावाचा मगज घेतलेल्या बहिणीच्या रक्तपेशींत एक्स-वाय गुणसूत्रं सापडतात, बाकी शरीरात मात्र तिची स्वतःची एक्स-एक्सच राहतात. एकाच माणसात दोघांचा डीएनए!

आणि कधी कधी दात्यासोबत एखादी अनपेक्षित देणगीही येते. बर्लिनमध्ये २००७ साली टिमथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी मगज दिला गेला. दाता मुद्दाम असा शोधला होता की त्याच्या पेशींत एचआयव्हीला शिरायला दारच नव्हतं. ब्राउन एचआयव्हीतून बरे झालेले जगातले पहिले रुग्ण ठरले.

एएस, एसएस आणि विदर्भ

विदर्भातल्या कित्येक घरांत 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द साखर-बीपीइतके सवयीचे झालेत. एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदलतं, एवढीच चूक. पण तेवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटते. सांधे, पाठ, छाती कुठेही कळा सुटतात, थंडीत तर जास्तच. ज्या घरात एसएसचं मूल आहे, त्या घराला थंडीची चाहूल दिनदर्शिकेच्या आधी लागते.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत झाली. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ही चूक इतक्या पिढ्या टिकली कशी? कारण एक प्रत असली की ती मलेरियापासून वाचवते. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत हे दाखवलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात एएस मुलं तगली, आणि दोन एएस एकत्र आल्यावर प्रत्येक गरोदरपणात चारात एक या शक्यतेनं एसएस मूल जन्माला येत राहिलं.

नागपुरात सिकलसेलच्या शेजारी थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजारही नांदतो. सिंधी, लोहाणा, भानुशाली, पंजाबी समाजांत त्याचे वाहक जास्त सापडतात. उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात डॉ. विंकी रुघवानी यांचं थॅलेसेमिया-सिकलसेल केंद्र उभं राहिलं, ते या गरजेतूनच. लकडगंजच्या लाकूडबाजारातही कच्छी-गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्या सगळ्या घरांनी हिमोग्लोबिनची एक एचपीएलसी तपासणीही करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. एकदा केली की जन्मभर पुरते.

थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मे २०२२ मध्ये नागपूरची एक बातमी देशभर गेली. थॅलेसेमियाची चार मुलं रक्त चढवल्यानंतर एचआयव्हीबाधित आढळली आणि त्यातलं एक दगावलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं दखल घेतली. दर महिन्याला परक्या रक्तावर जगणं किती धोक्याचं असू शकतं, हे त्या बातमीनं सांगितलं. म्हणूनच मगज प्रत्यारोपण या मुलांसाठी चैन नाही. ते जमलं तर रक्त चढवणंच थांबतं.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली जुळणी. सख्ख्या भावंडाशी ऊतीगट पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त २५ टक्के. दुसरी अडचण पैसा. इथे एक गोष्ट नागपूरकरांनी माहीत करून घ्यावी अशी: कोल इंडियाच्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून २०१७ पासून पात्र कुटुंबांतल्या मुलांच्या प्रत्यारोपणाला दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. कोल इंडियाची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बालरुग्ण प्रत्यारोपण केंद्र २०१८ पासून चालू आहे. टेलिफोन एक्स्चेंज चौकातून मेट्रोनं रेल्वे स्टेशन आणि तिथून रात्रीची दुरंतो, एवढ्या अंतरावर तो उपचार आहे. शिवाय दिव्यांग हक्क कायदा २०१६ नं सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तिन्हींना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं आहे. प्रमाणपत्र मागायला कोणी लाजू नये.

नाळेचं रक्त कोणासाठी?

बाळंतपण जवळ आलं की घरी फोन येऊ लागतात. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, उद्या त्याच्याच उपयोगी पडेल. हप्ते सोपे, माहितीपत्रक गुळगुळीत.

नाळेच्या रक्तात मूलपेशी असतात हे अगदी खरं. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमन यांनी एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त देऊन फँकोनी ॲनिमियातून वाचवलं. तोवर नाळ-वार थेट कचऱ्यात जायची. पण नीट पाहा: रक्त बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं. स्वतःच साठवलेलं रक्त पहिल्या वीस वर्षांत स्वतःलाच लागण्याची शक्यता अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेनं ०.०४ ते ०.०००५ टक्के एवढी मांडली होती, म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. आणि विदर्भासाठी कळीचा मुद्दा तर याहून सरळ आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा जनुकातला दोष. तो नाळेतल्या पेशींतही असतोच. नकाशातच चूक असलेल्या घरासाठी त्याच नकाशाची दुसरी प्रत जपून ठेवण्यासारखं आहे हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, स्वतःपुरतं नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलंय. घरात आधीच रक्ताच्या आजाराचं भावंड असेल, तर मात्र ते साठवणं शहाणपणाचं. एवढा एक अपवाद डॉक्टरांशी बोलून ठरवावा. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आणखी एक ओळ आहे, आणि ती फार कमी लोकांपर्यंत पोचली. नाळेच्या रक्ताखेरीज बाकी कशाचीच व्यावसायिक साठवण मान्य नाही. नाळेचा तुकडा, वार, मासिक पाळीचं रक्त, दुधाचे दात, यातलं काहीही नाही. दुधाच्या दातात मूलपेशी असतात हे संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं, आणि ते सुंदर संशोधन आहे. पण दात साठवायला कोणी पैसे मागत असेल, तर तो छपरावर फेकण्याची आपली जुनी रीतच बरी.

यात एक बारीक गोष्ट दडली आहे. जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मिनिटाभरात वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. पिशवी भरण्याच्या घाईत नाळ लवकर कापली, तर बाळाचं हक्काचं रक्त शीतपेटीत जातं. जिथे रक्तक्षय घरोघरी आहे, तिथे त्या मिनिटाचं मोल मी तरी कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त धरेन.

व्हाइट हाउसच्या यादीत मुंबई

आता भ्रूणाचा वाद. नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्यातून शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी बनू शकते. पण त्या काढताना पाच-सहा दिवसांचा, टाचणीच्या टोकापेक्षा लहान भ्रूण संपतो. तो माणूस आहे का? यावर अमेरिका दुभंगली. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केलं की आधीच तयार झालेल्या पेशीसमूहांवरच सरकारी पैसा खर्च होईल, नव्या भ्रूणांवर नाही.

मग त्या आधीच्या समूहांची यादी निघाली. जगभरातले ६४. त्यातले सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे! अमेरिकेतल्या धर्म आणि राजकारणाच्या भांडणानं मुंबईच्या प्रयोगशाळेला एका रात्रीत जगाच्या नकाशावर आणून बसवलं. पुढे प्रत्यक्ष वापरण्याजोगे निघाले ते वीसेकच समूह, आणि ९ मार्च २००९ रोजी बराक ओबामांनी ते बंधन उठवलं.

त्याच सुमारास परळला शांतपणे एक काम झालं. राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत किंड-१ आणि किंड-२ हे मानवी भ्रूण मूलपेशींचे दोन समूह तयार झाले. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजा सहभागी होत्या. ऑगस्ट १९८६ मध्ये केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवणाऱ्या त्याच हिंदुजाबाई. बंगळुरूत डॉ. मनीषा इनामदार यांच्या गटानं तर वंध्यत्व उपचारात निरुपयोगी ठरवून बाजूला काढलेल्या, तिसऱ्या प्रतीच्या भ्रूणांतून दोन समूह मिळवले. जे टाकलंच जाणार होतं त्यातून ज्ञान निघालं. नीतीच्या दृष्टीनं मला हा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो.

आपल्या कायद्यानंही हेच धरलं आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याप्रमाणे जोडप्याचे भ्रूण दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्यानं संशोधनासाठी द्यायचे. आयव्हीएफ केंद्रात सह्यांचा गठ्ठा पुढे येतो तेव्हा या निर्णयाचा कागद नवरा-बायकोनं शांतपणे वाचावा. तो निर्णय दुसऱ्या कोणाचा नाही.

चौदा दिवसांची रेघ

प्रयोगशाळेत मानवी भ्रूण किती दिवस वाढवायचा? १९८४ मध्ये ब्रिटनच्या मेरी वॉर्नॉक समितीनं १४ दिवस सांगितले. १९९० मध्ये तो तिथला कायदा झाला, आणि भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे. चौदाच का? त्या सुमारास भ्रूणावर एक बारीक रेघ उमटते. डोकं कुठे, पाठ कुठे हे तिथून ठरू लागतं. त्याआधी एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात, नंतर नाही. म्हणजे त्याआधी 'एक व्यक्ती' हेच पक्कं झालेलं नसतं. वॉर्नॉक या तत्त्वज्ञ होत्या, शास्त्रज्ञ नव्हेत, आणि म्हणूनच त्यांना ही रेघ ओढता आली असावी.

माणूसपण कधीपासून धरायचं, याचे धर्मांचे हिशेब वेगवेगळे. कॅथलिक चर्च गर्भधारणेच्या क्षणापासून धरतं, ज्यू परंपरा ४० दिवसांनंतर, इस्लाममधले बरेच विद्वान १२० दिवसांनंतर.

मर्यादा गाठायला तंत्रालाच बत्तीस वर्षं लागली. २०१६ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी भ्रूण तेराव्या दिवसापर्यंत वाढवून थांबवला. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं चौदा दिवसांपुढच्या सरसकट बंदीचा आग्रह सैल केला. आणि २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत शुक्राणू नाही, स्त्रीबीज नाही, नुसत्या मूलपेशींपासून चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी रचना वाढवली गेली. ती भ्रूण आहे का, हे ठरवायला आपल्याकडे अजून शब्दही नाहीत.

महाराष्ट्राचा इतिहास या चर्चेत वेगळा बोलतो. इथे भ्रूणाविषयीचा मोठा लढा झाला तो मुलींसाठी. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातलं पहिलं राज्य. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. भ्रूण निवडता येतो म्हटल्यावर समाज काय निवडेल, याचा कडू अनुभव आपल्याला अमेरिकेआधी आला आहे.

भावासाठी जन्मलेली बहीण

निवडीचाच दुसरा चेहरा. २००० मध्ये अमेरिकेत एक बाळ जन्मलं, ते आजारी बहिणीशी ऊतीगट जुळावा म्हणून भ्रूणावस्थेत निवडलेलं. भारतातलं पहिलं असं उदाहरण अहमदाबादचं. थॅलेसेमिया झालेल्या भावाला जुळणारी, स्वतः निरोगी असलेली बहीण आयव्हीएफमधून जन्मली आणि मार्च २०२० मध्ये तिच्या मगजानं भावाचं रक्त चढवणं थांबलं.

मूल हे कोणाचं औषध म्हणून जन्माला घालावं का? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी निर्दयी म्हणणार नाही. नाळेचं रक्त घेण्यात बाळाला इजा नाही, तिथे मला अडचण दिसत नाही. पण दीड वर्षाच्या मुलीच्या कंबरेच्या हाडातून मगज काढायचा, तर तिच्या बाजूनं बोलणारं एखादं माणूस त्या खोलीत असावं. आईबाप दोन्ही मुलांचे असतात, आणि अशा वेळी त्यांचा जीव एकीकडे ओढलेला असतो. तिच्या वतीनं प्रश्न विचारणारा तिसरा माणूस रुग्णालयानं नेमावा, एवढी मागणी फार नाही.

घड्याळ उलटं फिरवणारे दोघे

१९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून नवा टॅडपोल घडवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी जपानमध्ये शिन्या यामानाका जन्मले. २०१२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. गर्डन यांच्या शाळेतल्या मास्तरांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं की या मुलानं शास्त्रज्ञ होण्याचं मनात आणणं हास्यास्पद आहे. गर्डन यांनी ते प्रगतिपुस्तक जन्मभर जपलं.

यामानाकांनी मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली एक भ्रूण पाहिला आणि त्यांना आपल्या मुली आठवल्या. भ्रूण न मोडता हे जमायला हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसात त्यांनी फक्त चार जनुकांच्या मदतीनं त्वचेच्या साध्या पेशीला मूलपेशीच्या अवस्थेत परत नेलं. नीतीच्या अस्वस्थतेतून एवढा मोठा शोध लागल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही.

कौरव आणि सायन्स काँग्रेस

जालंधरला जानेवारी २०१९ च्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी गांधारीचे शंभर पुत्र हे स्टेम सेल तंत्रज्ञान असल्याचं सांगितलं. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला. जानेवारी २०२३ मध्ये हीच परिषद नागपूर विद्यापीठात भरली. तुपाच्या कुंडात मांसपिंडाचे तुकडे वाढवण्याची कल्पना सुचणाऱ्या कवीची प्रतिभा थोरच. तिला प्रयोगशाळेचा दाखला जोडायची गरज नाही. आणि त्या दाखल्याचा व्यवहारातला तोटा गंभीर आहे: 'हे तर आपल्या पुराणात होतं' असं म्हटलं की अर्धवट उपचार विकणाऱ्याचं काम सोपं होतं.

आशा विकणारे

दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये मानवी क्लोन भ्रूणांतून मूलपेशी काढल्याचं छापलं. व्हीलचेअरवरून उठणाऱ्या माणसाचं चित्र असलेलं टपाल तिकीटही निघालं. सगळं बनावट होतं. जानेवारी २००६ मध्ये दोन्ही लेख मागे घेतले गेले. त्या खोट्यासाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजं वापरली गेली, त्यांत त्यांच्याच हाताखालच्या संशोधिकांचीही होती. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत पाओलो मॅकियारिनी यांनी मूलपेशी लावलेल्या प्लास्टिकच्या श्वासनलिका माणसांत बसवल्या, रुग्ण दगावले. जून २०२३ मध्ये स्वीडनच्या न्यायालयानं त्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली.

जवळचा धोका यापेक्षा साधा दिसतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, गुडघेदुखी, सगळ्यावर 'स्टेम सेल थेरपी' अशी पाटी. लाखांची बिलं. स्वमग्न मुलाचे आईवडील दागिने मोडतात. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं सांगितलं की स्वमग्नतेवर हा उपचार करण्याची शिफारस नाही. आयसीएमआरच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातून तर उपचार हा शब्दच काढून टाकला गेला होता, संशोधन तेवढं ठेवलं. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी बहुतेक सारं अजून चाचणीच्या टप्प्यात आहे.

चाचणी खरी असेल तर तिचा क्रमांक क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या यादीत सापडतो. तो मागा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. बिल हातात आलं की समजून घ्या.

खरोखर काय जमलंय?

भंडारा रोडनं सरळ पूर्वेला गेलं की तेंदूपत्ता आणि बिडीचा मुलूख लागतो. बर्जर्स डिसीज हा आजार मुख्यतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो. पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, जखमा चिघळतात, पाय कापावा लागतो. त्यावर बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सच्या मूलपेशी औषधाला भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ मध्ये सशर्त परवानगी दिली. पण बिडी सोडणं हा त्याहून स्वस्त आणि भरवशाचा उपाय, हेही तितकंच खरं.

जून २०२५ मध्ये टाइप-१ मधुमेहाच्या चाचणीचे निकाल आले. भ्रूण मूलपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी पूर्ण मात्रेत दिलेल्या बारा रुग्णांपैकी दहा जणांना वर्षभरानंतर इन्सुलिनचं इंजेक्शन लागत नव्हतं. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना चालू ठेवावी लागतात. १९९८ चा तो वादग्रस्त शोध इथवर यायला २७ वर्षं लागली.

आणि सिकलसेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढायच्या, क्रिस्परच्या कात्रीनं जनुकात बदल करायचा आणि परत द्यायच्या. दाता शोधायची गरजच नाही. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दरानं अठरा कोटी रुपयांच्या वर. एसएस पॅटर्नच्या मुलाच्या बापाला हा आकडा वाचून काय वाटत असेल? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेनं विकसित केलेला स्वदेशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला. त्याला बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ 'बिरसा १०१' नाव दिलं आहे. तो रुग्णांपर्यंत स्वस्तात पोचला, तर मूलपेशींच्या नीतीतला सर्वांत मोठा प्रश्न आदिवासी पाड्यांतून सुटायला लागेल. तोवर हायड्रॉक्सियुरियाच्या साध्या गोळ्या वेळेवर मिळणं हेच पुष्कळ मुलांसाठी आयुष्य आहे.

दाता व्हायचं तर

मगजदान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मणक्यात टोचलेली जाड सुई येते. मणक्याला हातही लागत नाही. आज बहुतेक वेळा पाच दिवस एक इंजेक्शन देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि प्लेटलेटदानासारख्या यंत्रानं हातातल्या शिरेतून काही तासांत त्या वेगळ्या करतात. दात्याच्या शरीरात त्या काही आठवड्यांत भरून निघतात. नोंदणीला कापसाचा बोळा गालाच्या आत फिरवतात, बस्स.

ऊतीगट वंशपरंपरेनं येतात. म्हणून कच्छी रुग्णाला दाता कच्छी समाजात, गोंड रुग्णाला गोंड समाजात सापडण्याची शक्यता जास्त. यादीत ज्या समाजाची माणसं कमी, त्या समाजाच्या रुग्णाला उत्तर 'नाही' असं मिळतं, पैसे असोत वा नसोत. लकडगंजात रक्तदान शिबिरं नेहमी होतात, गणेशोत्सवात, जयंतीला, व्यापारी संघटनांची. त्याच मंडपात मगजदात्यांच्या नोंदणीचं एक टेबल मांडता येतं. भारतातल्या नोंदणी संस्था अशा शिबिरांना येतात, साधारण १८ ते ५० वयाच्या निरोगी माणसाची नोंद घेतात, आणि जुळणी निघेपर्यंत त्याला एवढंच करावं लागतं की मोबाइल नंबर बदलला तर कळवायचं.